जेमी नसलेलं पुस्तक : लॉर्ड जॉन ग्रे आणि ‘आउटलँडर’चे वाचक

२००३ साली डायना गॅबल्डन यांची ‘लॉर्ड जॉन अँड द प्रायव्हेट मॅटर’ ही कादंबरी आली, तेव्हा ‘आउटलँडर’चे वाचक दोन वर्षं सहाव्या भागाकडे डोळे लावून बसले होते. पाचवा भाग, ‘द फायरी क्रॉस’, २००१मध्ये आलेला. तो हजारेक पानांचा, आणि त्यातला पहिला एकच दिवस शंभराहून जास्त पानं खातो म्हणून बरेच जण आधीच कावलेले. अशात हाती पडलं ते तीनेकशे पानांचं पुस्तक. त्यात नायक जेमी फ्रेझर फक्त आठवणीत येतो. नायिका क्लेअर तिकडे फिरकतही नाही. स्कॉटलंड नाही, कालप्रवास नाही. आहे ते जून १७५७मधलं लंडन, एका सार्जंटचा खून, कसंही करून मोडायला हवं असं एक ठरलेलं लग्न, आणि आजवर मालिकेच्या कडेकडेने वावरलेला एक इंग्रज मेजर.

गाजलेल्या मालिकेतलं एखादं पात्र बाजूला काढून त्याच्यावर रहस्यकथा लिहिली की वाचक काय करतात, हे पाहायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हा प्रयोग एका पुस्तकावर थांबला नाही; आजवर तीन कादंबऱ्या आणि अर्धा डझन कथा-दीर्घकथा झाल्या. शिवाय त्या पहिल्या पुस्तकाबद्दलचं वाचकांचं मत पुढच्या पंधरा वर्षांत दोनदा तरी पालटलं, पुस्तकातला एक शब्दही न बदलता. खुनी कोण ते मी सांगणार नाही. पण वाटेतल्या बऱ्याच गोष्टी उघड कराव्या लागतील. ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचंय त्यांनी आधी पुस्तक वाचून यावं.

हा माणूस आला कुठून

‘आउटलँडर’ १९९१चं. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर काम केलेली क्लेअर ही इंग्रज परिचारिका १९४५मध्ये स्कॉटलंडला सुट्टीवर जाते आणि उभ्या शिळांच्या एका वर्तुळातून थेट १७४३मध्ये पोचते. तिथे तिला जेमी भेटतो. पुढे कलोडनची लढाई, वीस वर्षांची ताटातूट, मग अमेरिका. प्रकाशकांनी सुरुवातीला ती प्रेमकथा म्हणून विकली. प्रत्यक्षात त्यात युद्ध, वैद्यक, राजकारण, जडीबुटी, भुतं असं सगळंच आहे. वाचकांना ते भावलं ते मुख्यतः क्लेअरच्या तोंडून. ती स्वतः गोष्ट सांगते, थट्टा करते, चिडते, आणि अठराव्या शतकाकडे विसाव्या शतकाच्या नजरेने बघते. या मुद्द्याकडे मला पुन्हा यायचंय.

लॉर्ड जॉन ग्रे पहिल्यांदा दिसतो तो दुसऱ्या भागात. १७४५मध्ये प्रेस्टनपॅन्सच्या लढाईआधी हा सोळा वर्षांचा पोरगा अंधारात एकटाच जेमीवर चाकू घेऊन धावतो. जेमी त्याचा हात मोडतो. मग क्लेअर ही जणू पळवून आणलेली इंग्रज बाई आहे असं नाटक रचून त्याच्याकडून इंग्रजी फौजेची माहिती काढून घेतली जाते. बाईची अब्रू वाचवायची म्हणून तो बिचारा बोलतो. तिसऱ्या भागात तो आर्ड्समुअरच्या तुरुंगाचा मुख्य अधिकारी आहे आणि जेमी त्याचा कैदी. दोघं एकत्र जेवतात, बुद्धिबळ खेळतात, आणि जॉन त्याच्या प्रेमात पडतो. एका संध्याकाळी तो जेमीच्या हातावर हात ठेवतो. त्यावर जेमीचं जे थंड, जिवावर उठलेलं उत्तर येतं, ते ‘आउटलँडर’च्या कुठल्याही वाचकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पुढे जेमीच्या अनौरस मुलाला वाढवतो तोही हाच जॉन.

म्हणजे तो गौण होता, पण फुटकळ नव्हता. तरी त्याच्यावर मालिका करायची असं काही लेखिकेनं ठरवलं नव्हतं. ब्रदर कॅडफेल या संन्याशी शोधकाच्या कथा लिहिणाऱ्या एलिस पीटर्स १९९५मध्ये गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ मॅक्सिम जाकुबोव्स्की यांनी ऐतिहासिक गुन्हेकथांचा एक संग्रह संपादित केला. तो १९९८मध्ये निघाला. त्यात गॅबल्डन यांना कथा मागितली गेली. लाखांच्या हिशेबात शब्द लिहिणाऱ्या बाईंना आपल्याला लहान काही जमतं का हे बघायचं होतं. त्यांनी जॉनला निवडलं, आणि त्याचं कारण पूर्णपणे व्यावहारिक होतं. तिसऱ्या भागात १७५६ ते १७६१ या काळात मोठी पोकळी आहे. त्या वर्षांत जॉन काय करत होता हे मूळ मालिकेने सांगितलेलंच नाही. तिथे हवं ते घडवा, मुख्य कथेला धक्का लागत नाही. ‘हेलफायर’ ही पहिली कथा तशी जन्मली: लाल केसांच्या एका तरुणाचा खून आणि सर फ्रान्सिस डॅशवुडचं मेडमेनहॅमचं बदनाम मंडळ. दुसरी कथा लिहायला घेतली ती फुगत फुगत कादंबरी झाली. हीच ‘प्रायव्हेट मॅटर’. हा सगळा इतिहास लेखिकेने स्वतःच अनेकदा मोकळेपणाने सांगितलाय.

या जन्मकथेतच पुढच्या गोंधळाचं मूळ आहे, असं माझं मत. पहिली कथा लिहिली गेली ती रहस्यकथेच्या वाचकांसाठी, जेमी कोण हे माहीत नसलेल्यांसाठीही. कादंबरी मात्र विकली गेली ती ‘आउटलँडर’च्या वाचकांना. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव मोठ्या अक्षरात असल्यावर दुसरं काय होणार.

नको ते दिसलं, त्याची गोष्ट

कादंबरीची सुरुवात मला फार आवडते. जॉन आपल्या क्लबात आहे. तिथे पडद्याआड लघवी करत असलेल्या जोसेफ ट्रेव्हेल्यन या गृहस्थाच्या लिंगावर त्याला गरमीचा (सिफिलिसचा) व्रण दिसतो. दिसला नसता तर बरं झालं असतं, अशी गोष्ट. कारण याच ट्रेव्हेल्यनचं लग्न जॉनच्या चुलतबहिणीशी, ऑलिव्हियाशी, थोड्याच आठवड्यांत व्हायचंय.

आता करायचं काय? सरळ जाऊन सांगावं तर घराण्याची छीथू होणार, आणि मुलीचं नाव कायमचं बाद. त्याहून वाईट म्हणजे, ‘तू तिथे कशाला बघत होतास?’ हा प्रश्न कोणी थट्टेतसुद्धा विचारला, तर जॉनला तो परवडणारा नाही. इंग्लंडमध्ये १५३३पासून पुरुषा-पुरुषांतल्या संबंधाला फाशी होती. ती शिक्षा कायद्यातून गेली १८६१मध्ये. १७२६मध्ये लंडनच्या ‘मदर क्लॅप’च्या अड्ड्यावर धाड पडली आणि तिघांना टायबर्नला लटकावलं गेलं. जॉनच्या आईवडिलांच्या पिढीची ही आठवण. तो खानदानी, सैन्यातला, आणि आपली रेजिमेंट व आपलं घर या दोन्हींवर जीव असलेला माणूस. उघडा पडला तर दोन्ही बुडवेल.

त्याच सुमारास रेजिमेंटमधला टिमथी ओकॉनेल हा सार्जंट मारला जातो. त्याच्यावर सैन्याचे कागद शत्रूला विकल्याचा संशय होता. सप्तवार्षिक युद्ध चालू आहे, पोलीस नावाचं खातं लंडनमध्ये यायला अजून सत्तर वर्षं आहेत, आणि बभ्रा नको म्हणून तपास जॉनच्या गळ्यात येतो.

रहस्यकथेचा शोधक बहुधा स्वतः सुरक्षित असतो. तो दुसऱ्यांची कपाटं उघडतो, त्याच्या कपाटाशी कोणाला देणंघेणं नसतं. इथे तसं नाही. जॉनला माहितीसाठी लॅव्हेंडर हाउसमध्ये जावं लागतं. समलिंगी पुरुषांचा तो गुप्त अड्डा, आणि त्याने जिथे दिसूच नये अशी लंडनमधली ती एकमेव जागा. प्रत्येक सुगाव्याची किंमत त्याला स्वतःच्या गुपितातून मोजावी लागते. ऐतिहासिक रहस्यकथेत काळ हा पुष्कळदा नुसता पडदा असतो: मेणबत्त्या, घोडागाड्या, विग. इथे काळ काढून घेतला तर गोष्टच उरत नाही.

एवढं असूनही पुस्तक अनेकांना रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. मधल्या भागात धागे फार होतात. हिरव्या मखमली पोशाखातलं एक प्रेत, एक परागंदा नोकर, एक औषधविक्या, एक जर्मन कप्तान, आयरिश लोकांच्या गल्ल्या. आणि लग्नाचा धागा व खुनाचा धागा एकमेकांना चिकटतात ते योगायोगाने: सार्जंटवर पाळत ठेवायला दिलेला नोकर नेमका त्याच नवरदेवाच्या घरचा. योगायोगावर माझा आक्षेप नाही. जुन्या लंडनचं वरच्या वर्गातलं जग तसं लहानच होतं. पण दोन प्रश्नांपैकी वाचकाला कोणत्याची काळजी वाटावी हे पुस्तक ठरवू देत नाही. ऑलिव्हिया गोड मुलगी आहे, पण आपल्याला ती पुरती भेटतच नाही. ओकॉनेल तर निव्वळ नासका माणूस. त्याला कोणी मारलं हे कळलं नाही तरी रात्रीची झोप उडत नाही.

तक्रार जेमीची, उणीव क्लेअरची

सगळ्यात मोठी ओरड होती ती जेमीच्या नावाने. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण या मालिकेची पहिल्यापासूनची भक्त. तिने पुस्तक घेतलं, चाळलं, जेमीचं नाव कुठे कुठे येतं ते शोधलं आणि मिटून ठेवलं. ‘हे म्हणजे लग्नाला बोलावून नवरानवरी न दाखवता वाढपी दाखवल्यासारखं झालं,’ असं ती फोनवर म्हणाली. तिच्यासारखे पुष्कळ होते. काहींचा राग लेखिकेच्या वेळेवर होता: हे लिहीत बसण्यापेक्षा सहावा भाग का नाही संपवला? (तो आला २००५मध्ये.) मालिकेच्या वाचकाला लेखकाचा वेळ आपल्या मालकीचा वाटू लागतो, हा अनुभव फक्त इंग्रजी वाचकांचा नाही. आपल्याकडे मासिकात क्रमशः चाललेल्या कादंबरीचे वाचकही एखादा हप्ता चुकला की संपादकांना पत्रं लिहायचे.

पण मी हे पुस्तक दोनदा वाचल्यावर माझं मत असं झालं, की वाचक ज्याला जेमीची उणीव म्हणत होते ती निदान अर्धी तरी क्लेअरची उणीव होती. जेमी नाही हे डोळ्यांना दिसतं, म्हणून तक्रार त्याच्या नावाने. क्लेअरचा आवाज नाही हे दिसत नाही, नुसतं जाणवतं.

‘आउटलँडर’मध्ये आपण अठराव्या शतकात एकटे नसतो. क्लेअर सोबत असते. जखमेत जंतू का झाले, अमुक मुळीचा काढा का लागू पडतो, नवऱ्याने बायकोला मारणं इथे सगळ्यांना साहजिक का वाटतं, यावर ती आपल्यावतीने थबकते, आपल्यावतीने संतापते. लॉर्ड जॉनच्या पुस्तकांत तृतीयपुरुषी निवेदन आहे आणि नजर जॉनची. त्याला त्याच्या काळाचं नवल वाटायचं काही कारणच नाही. गटारं, गुलाम, चाबकाची शिक्षा, चेहऱ्यावरची पावडर हे सगळं त्याच्या लेखी नेहमीचं. त्यामुळे लेखिका काही समजावून देत नाही, आणि क्लेअरच्या बोटाला धरून फिरायची सवय झालेला वाचक रस्त्यात एकटाच उभा राहतो.

गरमीचं उदाहरण घ्या. या रोगाचा जंतू सापडला १९०५मध्ये. जॉनला त्यातलं काही माहीत नाही. त्याला माहीत आहे ती लाज आणि पाऱ्याच्या गोळ्या. क्लेअर असती तर तिने पेनिसिलिनचा विषय काढला असता आणि दोन पानं आपण निर्धास्त वाचली असती. उत्तरार्धात तो औषधविक्या रोग्याला मुद्दाम हिवताप आणतो आणि त्या तापाने गरमी जाळायचा प्रयत्न करतो. पहिल्यांदा वाचताना मला ही लेखिकेची थाप वाटली. प्रत्यक्षात व्हिएन्नाच्या युलिउस वाग्नर-यौरेग यांनी १९१७मध्ये मेंदूपर्यंत पोचलेल्या गरमीवर हाच उपचार केला आणि १९२७मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. कादंबरीने तो दीडशे वर्षं मागे नेला, तर्काला धरून. मूळ मालिकेत हेच क्लेअरच्या तोंडून आलं असतं तर वाचकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे ते आपलं आपण ओळखायचं.

ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांना हा फरक अगदी कानात जाणवला. मूळ मालिका डेव्हिना पोर्टर यांच्या आवाजात, लॉर्ड जॉन जेफ वुडमन यांच्या. बाईच्या आवाजात सवयीची झालेली दुनिया अचानक पुरुषाच्या आवाजात येते, तेव्हा हे वेगळं पुस्तक आहे हे पहिल्या मिनिटात मान्य करावं लागतं. माझ्या पाहण्यात, ऐकणाऱ्यांची कुरकुर वाचणाऱ्यांपेक्षा कमी होती.

याची उलट तपासणीही आपोआप झाली. आमच्या वाचनकट्ट्यावर एक निवृत्त वकील येतात. त्यांनी ‘आउटलँडर’चं एक पानही वाचलेलं नाही. रहस्यकथा म्हणून त्यांना मी ‘प्रायव्हेट मॅटर’ दिलं. त्यांनी जेमीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. कोणीतरी तुरुंगातला जुना प्रेमविषय, एवढं त्यांना पुरलं. त्यांचं सगळं लक्ष कायद्याकडे. १५३३चा तोच इंग्रजी विचार १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ होऊन आपल्याकडे आला आणि सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या प्रौढ संबंधांपुरता तो काढला २०१८मध्ये, म्हणजे खुद्द इंग्लंडने आपल्याकडची ती कलमं मोडीत काढायला घेतल्यानंतर पन्नास वर्षांनी. जॉनची भीती त्यांना दूरदेशीची वाटलीच नाही. आणि हो, कादंबरी घडते त्याच जून १७५७मध्ये इकडे प्लासी झाली, हेही त्यांनीच सांगितलं. मी वाचताना लंडनच्या धुराड्यांत इतकी गुंतलेली, की तारखेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

दुसऱ्या पुस्तकात प्रश्न घरात आला

२००७मध्ये ‘लॉर्ड जॉन अँड द ब्रदरहुड ऑफ द ब्लेड’ आलं. काळ १७५८. जॉनच्या वडिलांनी सतरा वर्षांपूर्वी, राजद्रोहाच्या संशयाखाली असताना, पिस्तुलाने आत्महत्या केली असं जग मानतं. त्यांच्या हरवलेल्या रोजनिशीचं एक पान अचानक जॉनच्या थोरल्या भावाच्या कचेरीत येऊन पडतं. बापाने खरंच स्वतःला संपवलं की कोणी संपवलं? आई पुन्हा लग्न करतेय. नव्या नवऱ्याचा सावत्र मुलगा पर्सी वेनराइट जॉनच्या आयुष्यात येतो, आणि जॉन पहिल्यांदाच अशा माणसावर प्रेम करतो जो उलट प्रेम करू शकतो. मग जर्मनी, क्रेफेल्डची लढाई, आणि पर्सीवर ओढवलेला लष्करी खटला.

रहस्य म्हणून हे पहिल्यापेक्षा सुटसुटीत आहे असं मी म्हणणार नाही. पण इथे ‘खून कोणी केला’ आणि ‘जॉन कोण आहे’ हे दोन प्रश्न एकच झालेत. पहिल्या पुस्तकावरच्या दोन तक्रारी, म्हणजे जेमी नाही आणि कथानक गुंतागुंतीचं आहे, या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी एकदमच बोथट झाल्या. त्याचं कारण जेमी थोडा वेळ आला एवढंच नसावं. वाचक गुंतागुंत सोसतो, पण ज्याच्यासाठी सोसायची तो माणूस त्याचा झालेला असावा लागतो. पहिल्या पुस्तकात जॉन दुसऱ्यांच्या घरची भांडी उचलत होता.

जेमी येतो तो प्रसंग मात्र वाचकांना पेलवला नाही, किंवा फार आवडला. मधलं काही नाही. कैदी जेमी आता हेलवॉटर या इंग्लंडमधल्या जहागिरीवर राबतोय. तिथल्या तबेल्यात जॉन आपला खटल्यातला पेच घेऊन त्याच्याकडे सल्ल्याला जातो, आणि बोलता बोलता दोघं एकमेकांना असं काही बोलतात की परत घेता येत नाही. जेमीच्या मनात समलिंगी पुरुषांबद्दल जी घृणा आहे तिला कारण आहे. पहिल्या भागात ब्लॅक जॅक रँडलने त्याचे केलेले हाल वाचकाला ठाऊक असतात. तरी आपल्या लाडक्या नायकाला जॉनच्या डोळ्यांनी असा बघणं अनेकांना जड गेलं. मला स्वतःला हा सगळ्या मालिकेतला अत्यंत प्रामाणिक प्रसंग वाटतो. क्लेअर जेमीबद्दल सांगते तेव्हा ती बायको असते. इथे पहिल्यांदा बाहेरून दिसतो, आणि बाहेरून तो नेहमीच सुंदर दिसत नाही.

याच पुस्तकाने वाचकांचा दुसरा वाद पेटवला. पुरुषा-पुरुषांतली शय्यादृश्यं मोकळेपणाने आल्यामुळे काही जुने वाचक गळाले. ज्या मालिकेत नवराबायकोच्या शृंगाराची पानंच्या पानं त्यांनी आनंदाने वाचली होती, तिथेच हे होतं. तो तर्क त्यांच्या लक्षात आणून देऊन उपयोग नव्हता. पण दुसऱ्या बाजूची टीका जास्त विचार करण्याजोगी होती. मूळ मालिकेत पुरुषांकडे ओढ असलेले ठळक पुरुष कोण, तर रँडल हा क्रूरकर्मा आणि सँडरिंगहॅमचा कपटी ड्यूक. मग जॉन ही भरपाई म्हणायची का? आणि भरपाई असेल तर त्याने जन्मभर अशा पुरुषावर झुरत राहायचं जो त्याचा कधीच होणार नाही, ही कसली भरपाई? या आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उत्तर म्हणून पर्सी, पहिल्या पुस्तकातला जर्मन कप्तान स्टेफान फॉन नाम्ट्झेन ही माणसं दाखवता येतात. जॉनचं आयुष्य जेमीच्या वाटेवर थांबलेलं नाही. पण पोकळीत बसवलेल्या कथेची ही अडचणच आहे. १७६१नंतर काय होतं हे १९९३मध्येच छापून झालंय. जॉनला या पाच वर्षांत कायमचं सुख देता येत नाही, कायमचा नाश करता येत नाही, आणि मारता तर मुळीच येत नाही. रहस्यकथेतली जिवाची भीती त्यामुळे आधीच अर्धी गेलेली. गॅबल्डन यांनी ती दुसऱ्यांच्या जिवावर टाकली, आणि पर्सीच्या बाबतीत ती खरंच काम करते.

मत पालटलं कसं

मग २००९ आलं. मूळ मालिकेचा सातवा भाग, ‘ॲन एको इन द बोन’. त्यात पर्सी परत आला, वेगळ्या आडनावाने, आणि थेट मुख्य कथानकात. ज्यांनी लॉर्ड जॉनची पुस्तकं ‘जेमी नाही’ म्हणून टाळली होती, त्यांना हा माणूस कोण आणि जॉन त्याला बघून असा का वागतो हे समजेना. त्याच भागात जेमी समुद्रात बुडाला अशी बातमी येते आणि क्लेअरला अटकेपासून वाचवायला जॉन तिच्याशी लग्न करतो. एका रात्रीत गौण पात्र घरातलं झालं. पुष्कळ वाचक उलटे वळून ‘प्रायव्हेट मॅटर’कडे आले.

आले, पण काही जण चिडूनच. स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ मालिकेतून फुटून निघालेलं पुस्तक, हवं तर वाचा, नको तर सोडा, असा न बोललेला करार असतो. इथे तो लेखिकेने मोडला असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर करार मोडला हेच बरं झालं. सोडलं तरी चालणारी पुस्तकं लोक सोडतातच. मात्र हेही खरं, की या वाचकांनी ‘प्रायव्हेट मॅटर’ रहस्यकथा म्हणून वाचलीच नाही. ती त्यांनी एका जुन्या स्नेह्याचा पूर्वेतिहास म्हणून वाचली, आणि तशी ती फार चांगली निघाली. सार्जंटला कोणी मारलं याच्याशी आता कोणालाच कर्तव्य नव्हतं. टॉम बर्ड हा पोरसवदा खिदमतगार नोकरीला कसा लागला, रेजिमेंटमधला सहकारी हॅरी क्वारी कसा बोलतो, जॉनच्या घरी जेवायला बसल्यावर काय होतं, यात सगळ्यांना रस.

२०११चं ‘द स्कॉटिश प्रिझनर’ ही या प्रवासाची पुढची पायरी. १७६०, अर्धी प्रकरणं जॉनची, अर्धी जेमीची. सिव्हर्ली नावाच्या भ्रष्ट मेजरला पकडून आणायला दोघांना आयर्लंडला जावं लागतं. जेमी कैदी, जॉन त्याच्यावरचा अधिकारी. रहस्य पातळ, साहस भरपूर, आणि मालिकेच्या वाचकांचं हे तिन्हींत सर्वांत लाडकं. रहस्यकथेच्या वाचकांना इथे काही मिळत नाही असं नाही, पण ते आता पाहुणे आहेत. त्यानंतर लॉर्ड जॉनची कादंबरी आलेली नाही, दीर्घकथा आल्या.

दूरचित्रवाणीने तिसरी लाट आणली. ‘आउटलँडर’ची मालिका २०१४मध्ये सुरू झाली आणि २०१७च्या तिसऱ्या पर्वात डेव्हिड बेरी प्रौढ लॉर्ड जॉन म्हणून आला. फार थोड्या दृश्यांत त्याने जे केलं त्याने जॉनला स्वतःचा प्रेक्षक मिळाला. त्याच्यावर स्वतंत्र मालिका काढा ही मागणी तेव्हापासूनची. २०२५मध्ये निघालेली नवी मालिका मात्र जेमी आणि क्लेअरच्या आईवडिलांची निघाली. पडद्यावरून पुस्तकांकडे आलेल्या या वाचकांना ‘प्रायव्हेट मॅटर’मध्ये जेमी नसल्याची खंत नाही. ते जॉनसाठीच आलेले असतात. त्यांची तक्रार वेगळीच: हे एवढंसंच का?

क्रमाबद्दल मला नेहमी विचारणा होते. ज्याने ‘आउटलँडर’चे पहिले तीन भाग वाचलेत त्याने तिथेच थांबून ‘हेलफायर’ वाचावी. ती एका बैठकीत होते. ती आवडली तर सरळ ‘ब्रदरहुड’ घ्यावं आणि ‘प्रायव्हेट मॅटर’ नंतर, जॉन ओळखीचा झाल्यावर. हा क्रम प्रकाशनाच्या आणि कालक्रमाच्या दोन्हीच्या विरुद्ध आहे, टॉम बर्ड आधीच नोकरीत दिसेल, थोडं गोंधळायला होईल. ज्याला मालिकेशी काही देणंघेणं नाही, नुसती जुन्या लंडनमधली रहस्यकथा हवीय, त्याने मात्र ‘प्रायव्हेट मॅटर’पासूनच सुरुवात करावी. आमच्या वकीलसाहेबांनी तसंच केलं. आता ते ‘ब्रदरहुड’वर आहेत, लष्करी खटल्याच्या प्रकरणापाशी, आणि त्यातल्या कामकाजावर त्यांचे बरेच आक्षेप आहेत.